कढीपत्त्यावरची मॉरमॉन, ईश्वरीवरची रोझ: गोरेगावातलं एक प्रकरण

कॉमन मॉरमॉन या फुलपाखराला मुंबई चांगली मानवली आहे. त्याच्या अळीला लिंबाच्या कुळातली झाडं लागतात: कढीपत्ता, लिंबू, बेल, पपनस. कढीपत्त्याची एकही कुंडी नसलेली इमारत या शहरात शोधूनच काढावी लागेल, त्यामुळे गिरगावातल्या चाळीच्या गॅलरीपासून बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत हे फुलपाखरू कुठेही अंडी घालताना दिसतं. त्याच्या माद्या ज्या दोन फुलपाखरांची नक्कल करतात, त्या कॉमन रोझ आणि क्रिमझन रोझचं मात्र तसं नाही. त्यांच्या अळ्या ईश्वरीच्या वेलीवर वाढतात, आणि ईश्वरी कोणी हौसेनं खिडकीत लावत नाही. म्हणजे नक्कल शहरभर आणि मूळ फक्त रानाच्या कडेला. ही विभागणी मला आमच्या सोसायटीतल्या एका झाडामुळे आणि एका कुंपणामुळे जवळून पाहता आली.

झाड

सोसायटी गोरेगाव पूर्वेला, आरेच्या रानाच्या हद्दीला लागून आहे. पंपरूमच्या मागे कढीपत्त्याचं जुनं झाड आहे आणि निम्म्या इमारतीची फोडणी त्याच्यावर चालते. पावसाळा ओसरत आला असताना एका दुपारी एक मादी त्याच्या कोवळ्या फुटव्यांवर अंडी घालत होती. पुढच्या पंखांवर पांढरे पट्टे, मागच्या पंखांवर किरमिजी ठिपक्यांच्या ओळी. लांबून पाहणारा तिला क्रिमझन रोझच म्हणाला असता. मॉरमॉनच्या मादीच्या या रूपाला ‘रोम्युलस’ म्हणतात.

सोसायटीतल्या मुलांनी त्या फांद्यांना मच्छरदाणीचं कापड बांधलं. अळ्या लहान असताना तपकिरी-पांढऱ्या होत्या, पक्ष्याची शीट पानावर पडावी तशा. मोठ्या झाल्यावर हिरव्यागार झाल्या, आणि बोट लावलं की डोक्यामागून लालसर दुभंगलेला अवयव बाहेर काढून उग्र वास सोडू लागल्या. म्हणजे पंख फुटायच्या कितीतरी आधीपासून या जीवाची सोंगं सुरू झालेली असतात. पुढे कोश झाले आणि फुलपाखरं बाहेर आली. नर सगळे एकसारखे निघाले: काळे, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची एक आडवी ओळ. माद्या मात्र तीन प्रकारच्या. काही आईसारख्या रोम्युलस. काहींच्या मागच्या पंखाच्या मधोमध पांढरा डाग आणि कडेला लाल चंद्रकोरी, म्हणजे कॉमन रोझची नक्कल करणारं ‘स्टिकियस’ रूप. आणि काही जवळजवळ नरासारख्या, कोणाचीही नक्कल न करणाऱ्या; हे ‘सायरस’ रूप.

मुलांनी लगेच विचारलं, “ताई, आई एकच, झाड एकच, मग मुली तीन तऱ्हेच्या कशा?”

हा प्रश्न जुना आहे. ही निरनिराळी दिसणारी फुलपाखरं म्हणजे एकाच जातीच्या माद्या आहेत, हे आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी 1865 सालच्या आपल्या निबंधात मांडलं. त्याच्या तीनच वर्षं आधी, 1862 मध्ये, हेन्री वॉल्टर बेट्स यांनी अॅमेझॉनच्या जंगलातल्या फुलपाखरांवरून नकलेची कल्पना पुढे आणली होती: खाण्याजोगं फुलपाखरू बेचव किंवा विषारी फुलपाखरासारखं दिसू लागलं, तर पक्षी त्यालाही सोडून देतात. मॉरमॉनच्या बाबतीत हे घडवणारा जनुक 2014 मध्ये सापडला. कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की माद्यांच्या पंखांचं हे सगळं रूपांतर ‘डबलसेक्स’ नावाच्या एकाच जनुकाच्या हाती आहे. कीटकांमध्ये नर-मादीचा फरक घडवण्याचं मूळ काम करणारा हा जनुक इथे मादीचं रूपही ठरवतो. या जनुकाचे निरनिराळे अवतार असतात, आणि नकलेचा अवतार नरासारख्या अवताराला दाबून टाकतो. महत्त्वाचं म्हणजे नराच्या पेशींतही हे अवतार असतात, फक्त त्याच्या पंखांवर ते उमटत नाहीत. आमच्या झाडावरच्या मादीत रोम्युलसबरोबर सायरस दडलेला असणार आणि तिच्या जोडीदारानं स्टिकियसबरोबर सायरसही आणलेला असणार. साध्या काळ्या नरानं मुलींना कॉमन रोझचं रूप दिलं, हे मुलांना पटायला थोडा वेळ लागला.

मूळ फुलपाखरं

नक्कल आणि मूळ ओळखायची एक सोपी खूण आहे, ती प्रत्येकानं शिकून घ्यावी. पंख बघू नका, अंग बघा. दोन्ही रोझचं अंग लाल असतं. क्रिमझन रोझचं डोकं आणि पोट तर किरमिजी रंगात बुडवून काढल्यासारखं दिसतं. मॉरमॉनच्या मादीचं अंग काळं. लाखो वर्षांच्या निवडीनं पंखांवर ठिपका न् ठिपका जुळवून आणला, पण अंग काळं ते काळंच राहिलं. का, याचा विचार पुढे करू.

दुसरी खूण उडण्याची. रोझ संथ, जमिनीपासून फार वर न जाता, आरामात उडते. तिला घाई नसते. मॉरमॉनची नकली मादीही तशीच संथ उडते, पण हातानं हुसकावलं की नाटक सोडून झपकन निघून जाते.

रोझच्या निवांतपणाचं कारण ईश्वरीत आहे. या वेलीत अॅरिस्टोलोकिक आम्लं असतात. अळी ती पानांबरोबर पोटात घेते, अंगात साठवते आणि पुढे कोशातून फुलपाखरातही ती उतरतात. शिवाय रोझचं अंग चामड्यासारखं चिवट असतं. पक्ष्यानं चोचीत धरून टाकून दिलेली रोझ बऱ्याचदा उडून जाते. पक्ष्याला धडा मिळतो आणि रोझचा जीवही वाचतो. (ईश्वरीला औषधी म्हणून मोठा मान आहे, म्हणून इथेच सांगते: याच आम्लांनी माणसाची मूत्रपिंडं निकामी होतात आणि कर्करोगही होतो. वेल फुलपाखरांसाठी ठेवा, कोणाच्या सांगण्यावरून काढा करून पिऊ नका.)

रोझ नसेल तर रोझची नक्कल टिकत नाही, याचा पुरावा नकाशावरच आहे. क्रिमझन रोझ हे भारतीय द्वीपकल्पाचं आणि श्रीलंकेचं फुलपाखरू. आग्नेय आशियात ते नाही. मॉरमॉन आग्नेय आशियातही भरपूर आहे, पण तिथे रोम्युलस रूप नाही. जपानच्या दक्षिणेला मियाको नावाचं बेट आहे. तिथे मॉरमॉन आधीपासून होतं. कॉमन रोझ गेल्या शतकाच्या उत्तरार्धात येऊन स्थिरावली आणि त्यानंतर मॉरमॉनच्या माद्यांत नकली रूपाचं प्रमाण वाढत गेलं. मुंबईला दोन्ही रोझ आहेत, म्हणूनच इथे मॉरमॉनची तिन्ही रूपं एका झाडावर मिळतात. पंपरूममागच्या या साध्या झाडाचं मोल माझ्या लेखी म्हणून मोठं आहे.

कोण खातं, कुठे बसून खातं

नकलेबद्दल बोलताना आपण फुलपाखरांकडे बघत राहतो आणि खाणाऱ्याला विसरतो. खरं तर हे पंख पक्ष्यांनी रंगवले आहेत. त्यामुळे आमच्या हद्दीवर कोण बसतं, हे पाहणं मला जास्त महत्त्वाचं वाटलं.

आरेच्या बाजूला विजेच्या तारेवर कोतवाल आणि वेडा राघू. दोघेही उंचावर बसून लांबूनच भक्ष्य हेरतात, झेप घेऊन हवेतच पकडतात आणि परत जागेवर येतात. कोतवाल फुलपाखरू पायाखाली दाबून पंख उपटतो, मग अंग खातो. झाडीच्या आत दयाळ, नाचण, टकाचोर. हिवाळ्यात राखी कोतवाल, हळद्या आणि स्वर्गीय नर्तक यांची भर पडते. तारेवरून हेरणाऱ्याला उडत्या फुलपाखराचं काय दिसतं? काळ्यावर पांढरं, काळ्यावर लाल, आणि संथ चाल. अंगाचा रंग दिसण्याइतका तो जवळ येतो तेव्हा त्याचा निर्णय होऊन गेलेला असतो. मॉरमॉनचं अंग काळं राहण्याचं कारण मला यातच दिसतं: शिकारी लांबचा असेल तर पंखांचा आराखडा पुरतो.

गिरगावात चित्र वेगळं आहे. माझ्या मावशीच्या गॅलरीतल्या कुंडीतही मॉरमॉन अंडी घालते. तिथे कावळा आहे, चिमणी आहे, कबुतरं तर आहेतच, पण उडत्या फुलपाखरामागे लागणारं फारसं कोणी नाही. तिथे मॉरमॉन मरते ती बहुतेक अळीच्या किंवा कोशाच्या वयात: बुलबुलाच्या चोचीत, कोशात अंडी घालणाऱ्या इवल्या परजीवी गांधीलमाश्यांमुळे, किंवा पेस्ट कंट्रोलच्या फवाऱ्यानं. यातल्या एकालाही पंखांवरच्या किरमिजी ठिपक्यांशी देणंघेणं नाही.

मग गिरगावात जन्मलेल्या रोम्युलस मादीच्या अंगावर हा वेष टिकून कसा? माझं उत्तर असं: तो गिरगावात टिकतच नाही, आरेच्या आणि राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला टिकतो. मॉरमॉन दणकट उडणारं फुलपाखरू आहे आणि कुंडी-कुंडीनं त्याची वस्ती जवळजवळ अखंड पसरलेली आहे. रानाच्या कडेला ईश्वरीवरची रोझ खाऊन तोंड कडू झालेला कोतवाल नकली मादीला सोडतो. तिचे जनुक पिढी-दर-पिढी झाडावरून झाडावर, कुंडीवरून कुंडीवर शहरात पोचतात. मावशीच्या गॅलरीतल्या फुलपाखराचे पंख आरेतल्या पक्ष्यांच्या आठवणीवर चाललेले आहेत.

ही आठवण दरवर्षी नव्यानं करावी लागते. कोतवाल, वेडा राघू यांची पिल्लं उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत घरट्याबाहेर पडतात. मुंबईत फुलपाखरांची गर्दी होते ती पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून दिवाळीच्या सुमारापर्यंत. म्हणजे ज्या महिन्यांत फुलपाखरं सर्वांत जास्त, त्याच महिन्यांत अडाणी पक्षीही सर्वांत जास्त. त्या काळात नव्या पक्ष्याच्या चोचीत आधी रोझ येते की मॉरमॉन, यावर बरंच अवलंबून आहे. चार रोझ चाखल्यावर एक मॉरमॉन मिळाली तर नक्कल वाचते. उलट झालं तर किरमिजी ठिपके म्हणजे चांगला घास, हा धडा पक्की गाठ मारून बसतो. मग तोच वेष मादीच्या जिवावर उठतो, कारण साध्या काळ्या सायरसपेक्षा ती कितीतरी ठळक दिसते. तिन्ही रूपं टिकून राहण्यामागे हा चढउतार मोठा भाग असणार: नकली रूप फार वाढलं की त्याचा फायदा घटतो.

राखी कोतवालाबद्दल एक तर्क मांडते. तो हिमालयाच्या उतारांवर वीण करून हिवाळ्यात खाली येतो. तिकडे त्याला कॉमन रोझ भेटत असेल, क्रिमझन रोझ नाही. तेव्हा ऑक्टोबरनंतर आरेत उतरणाऱ्या या पाहुण्याला स्टिकियस ओळखीची वाटावी आणि रोम्युलस अनोळखी. पक्षी एका लाल-काळ्यावरून दुसऱ्या लाल-काळ्याचा अंदाज बांधतात की नाही, हे इथे पाहण्यासारखं आहे.

माद्याच का

नर नक्कल करत नाहीत, याचं कारण मादीच्या दिनक्रमात शोधावं. अंड्यांनी जड झालेली मादी पान न् पान तपासत, पुढच्या पायांनी चाचपत संथ फिरते. नर मात्र फुलांवरून सुसाट जातो. जपानी संशोधक नाओता ओसाकी यांनी 1995 मध्ये पंखांवरच्या चोचीच्या खुणा मोजून दाखवलं की पक्ष्यांचे हल्ले नरांपेक्षा माद्यांवर जास्त होतात. संरक्षणाची गरज जिला जास्त, तिला वेष मिळाला.

या खुणा कोणालाही बघता येतात. मिटलेल्या पंखांवर चोच बसली असेल तर दोन्ही बाजूंना सारख्याच जागी, सारख्याच आकाराचा तुकडा गेलेला दिसतो. एकाच पंखाची किनार विरलेली असेल तर ते काटेरी झुडपाचं किंवा वयाचं काम. पण एक भान ठेवावं लागतं. फाटक्या पंखानं उडणारं फुलपाखरू हे सुटलेलं फुलपाखरू असतं. जे खाल्लं गेलं ते मोजायला उरत नाही. त्यामुळे फाटके पंख जास्त म्हणजे धोका जास्त, असं सरळ गणित मांडता येत नाही. ‘चोचीत धरलं, चव आवडली नाही, सोडलं’ असाही त्याचा अर्थ असू शकतो, आणि रोझच्या बाबतीत तोच बहुधा खरा असतो.

दुसरी जोडी, उघड्या माळावरची

अधिवासाचा फरक लक्षात यावा म्हणून मुंबईतलीच दुसरी जोडी बघा. प्लेन टायगर रुईवर वाढतं. रुई रेल्वेच्या रुळांकडेला, पडीक प्लॉटवर, डेब्रिजच्या ढिगावरही उगवते. शनिवारी मारुतीच्या हाराला पानं लागतात म्हणून तिला कोणी मुळापासून उपटतही नाही. त्याची नक्कल करणाऱ्या डॅनेड एगफ्लाय मादीची अळी घोळीवर वाढते, म्हणजे तीही उघड्या, ओल्या जमिनीवरच. इथे मूळ आणि नक्कल एकाच मैदानात राहतात आणि शहर वाढलं तरी मूळ फुलपाखराला थोडीफार जागा मिळत राहते. मॉरमॉनच्या जोडीत तसं नाही. तिच्यात शहर नकलेच्या बाजूनं उभं आहे आणि मुळाच्या विरोधात. पेरू-इक्वेडोरच्या जंगलात तर जमिनीलगत पारदर्शक पंखांची आणि वरच्या फांद्यांत वाघपट्ट्यांची, असे नकलेचे गट उंचीनुसार वेगळे राहतात, कारण प्रकाश वेगळा आणि खाणारे वेगळे. मुंबईत हे अंतर उंचीचं नाही, आरे ते गिरगाव असं आडवं आहे.

कुंपण

आता त्या कुंपणाबद्दल. मागच्या हद्दीवर तारेचं जुनं कुंपण आहे आणि त्याच्यावर ईश्वरी चढलेली आहे. उन्हाळ्यात वाळल्यासारखी दिसते, पाऊस पडला की मुळापासून पुन्हा फुटते. तिच्यावर कॉमन रोझच्या गडद तांबूस, मधोमध पांढरा पट्टा असलेल्या अळ्या मिळतात. माळीकाकांनी विचारलं होतं, “ताई, ही वेल काढून टाकू का? कुंपण गचाळ दिसतंय, कमिटीवाले ओरडतात.” त्यांचं चूक नव्हतं, त्यांना कुंपण स्वच्छ ठेवण्याचाच पगार मिळतो.

त्याच सुमारास सोसायटीत ‘बटरफ्लाय गार्डन’ करायची टूम निघाली होती. यादीत लिंबू, कढीपत्ता, इक्झोरा, पेंटास, घाणेरी. यादी वाईट नव्हती, पण तिच्यातून फक्त मॉरमॉन वाढली असती, म्हणजे नकला वाढल्या असत्या. आणि ज्या वेलीवर मूळ फुलपाखरू जगतं, ती त्याच आठवड्यात कापली जाणार होती. मुंबईत बागा करताना हे वारंवार होतं याचं मला मनापासून वाईट वाटतं. फुलपाखरांची संख्या वाढली म्हणून आपण खूष होतो, पण वेष देणारी रोझ आणि वेष चालवून घेणारा पक्षी या दोघांची जागा आपण राखत नाही.

कमिटीच्या बैठकीत मी वेलीचा एक तुकडा, मुलांनी काढलेले फोटो आणि दोन प्रकारच्या अंगांचे फोटो शेजारी शेजारी ठेवले. लाल अंग आणि काळं अंग बघून सेक्रेटरीकाका स्वतः मोबाईल काढून जुने फोटो तपासू लागले. ठरलं ते असं: कुंपणाचा मागचा भाग तसाच ठेवायचा, वेल नळाच्या पाईपवर जाऊ लागली तर तेवढीच वळवायची. ईश्वरीची रोपं बागेतही लावायची, पण हीच, इथली जात. नर्सरीत शोभेची, मोठ्या फुलांची विदेशी जातही मिळते, ती नको. ऑस्ट्रेलियात रिचमंड बर्डविंग नावाचं फुलपाखरू अशाच एका शोभेच्या वेलीवर भुलून अंडी घालतं आणि अळ्या पानं खाऊन मरतात. आमच्या रोझवर तसा प्रयोग मला करायचा नाही.

नोंदी ठेवायचं काम मुलांनी घेतलं आहे. ऑगस्ट ते नोव्हेंबर मादी दिसली की चार गोष्टी लिहायच्या: कुठलं रूप, अंग लाल की काळं, पंख फाटले असतील तर एकीकडे की दोन्हीकडे, आणि तारेवर त्या वेळी कोण बसलं होतं. मावशीनं गिरगावची नोंदवही स्वतःकडे घेतली आहे. “तुझा कोतवाल इथे नाही बाई, पण मी कावळा लिहीन,” म्हणाली. तेही हवंच आहे.

पेस्ट कंट्रोलच्या यादीतून पंपरूममागचं झाड वगळलं आहे. झाडाखाली मुलांनी पाटी लावली आहे, स्वयंपाकासाठी पानं काढायला येणाऱ्यांसाठी: कोवळे शेंडे राहू द्या, खालची जून पानं घ्या, आणि तोडण्याआधी पान उलटून बघा.